आलं ते लिहायचं

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमची मुलं पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकतात, जी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तिला ती ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात. ब्युरेटमधून द्रावण सोडायचं, रंग पालटला की थांबायचं आणि दिसेल तो आकडा लिहायचा, ही झाली पुस्तकातली रीत. प्रत्यक्षात मागच्या बॅचचं सर्टिफाईड जर्नल हाताशी असतं आणि त्यात उत्तर असतं. पहिलं रीडिंग १०.२, दुसरं १०.२, तिसरं १०.३, म्हणून ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’ १०.२. उत्तरापासून उलटं गणित मांडत आलं की आकडे आपोआप जुळतात. मुलं याला लबाडी समजत नाहीत आणि मीही त्यांना लबाड म्हणणार नाही. जे उत्तर मॅडमना माहीत आहे, एक्सटर्नलना माहीत आहे, जर्नलमध्ये लिहिलेलं आहे, ते पुन्हा शोधून काढण्यात त्यांना काही अर्थ दिसत नाही. गुणसुद्धा उत्तर जुळण्याला मिळतात, नीट पाहण्याला मिळत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवते. बीएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी मार्गदर्शन करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. पदवीच्या पोरांनी जगाला हलवणारा शोध लावावा अशी अपेक्षा कुणी करू नये. पण ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा एक तरी प्रश्न त्यांच्या हातात पडला पाहिजे, आणि आलेला आकडा, तो कितीही अडचणीचा असो, आपला म्हणून त्यांना सांभाळता आला पाहिजे. प्रकल्पातून बाकी काही साधलं नाही तरी चालेल, हे मात्र साधायला हवं.

असा प्रश्न शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्याकडे पाऊस वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातही मोठा भरवसा सप्टेंबरमधल्या परतीच्या पावसाचा. जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण. या बेसॉल्टमध्ये पाणी धरून ठेवतो तो वरचा झिजून मुरूम झालेला थर आणि खालच्या कातळातल्या भेगा. त्यामुळे एका बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचं पाणीही सारखं नसतं. हे भूगोलाच्या तासाला मुलं लिहून घेतात, पण घरच्या पाण्याशी त्याचा संबंध लावत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तो लावला. प्रकल्पाच्या विषयांची यादी घेऊन मी वर्गात गेले होते. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चुलत्यांच्या बोअरच्या पाण्यात शिजते. हा विषय चालंल का?” यादी मी बाजूला ठेवली. तिच्या गटात आणखी दोघी होत्या. तिघींनी मिळून गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या सगळ्या जागा तपासायच्या ठरवल्या: विहिरी, हातपंप, बोअर आणि नळाची टाकी.

पाण्याचा जडपणा मोजायची रीत जुनी आणि साधी आहे. पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचं, अमोनियाचं बफर घालून पीएच दहाच्या आसपास आणायचा, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी टाकायची. पाणी दारूसारखं लालसर होतं. मग ०.०१ मोलरचं ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं. लालसर रंग जांभळा होत होत निळा झाला की थांबायचं. या प्रमाणात जितके मिलिलिटर लागतील त्याला वीसने गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम जडपणा ते कळतं.

पहिल्या दिवशी तिघींनी आणलेली तिन्ही रीडिंगं तंतोतंत सारखी होती. मी काही बोलले नाही. त्याच बाटलीतलं पाणी पुन्हा घ्यायला सांगितलं आणि प्रत्येकीने आपापलं रीडिंग दुसरीला न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं असं ठरवलं. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आकडे निघाले ३१.४, ३०.१ आणि ३१.५. “मॅडम, जुळत नाहीत,” एक म्हणाली. मी म्हटलं, “आलं ते लिहायचं. आता का जुळत नाहीत ते शोधा.” कारण सापडायला त्यांना दुपार लागली. एक जण जांभळा रंग दिसताच थांबत होती, बाकीच्या दोघी पूर्ण निळा होईपर्यंत वाट बघत होत्या. त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. निळा रंग आलेला एक फ्लास्क शेजारी पांढऱ्या टाइलवर ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून पाहायचं.

फरक दीड मिलिलिटरचाही नव्हता, पण त्याची किंमत मोठी होती. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. ३१.४ म्हणजे ६२८. थोडं आधी थांबलं आणि २९.९ लिहिलं की होतात ५९८, म्हणजे पाणी मर्यादेत. रंग कुठे संपला मानायचा यावर एका विहिरीचा निकाल फिरतो, हे त्या दिवशी तिघींच्या लक्षात आलं. त्यानंतर त्यांनी रीडिंग बसवलेलं मी पाहिलं नाही. बसवायला समोर उत्तरच नव्हतं.

खरी कसोटी नायट्रेटने घेतली. आमच्या भागात ऊस आहे, उसाला युरिया आहे, आणि उथळ विहिरींत नायट्रेट उतरतं हे शेतकऱ्यांनाही ऐकून माहीत असतं. मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिथे सवलत नाही. त्याचं कारण तान्ही मुलं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी दुधाच्या भुकटीत कालवून पाजलं तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. नायट्रेट मोजण्यासाठी आम्ही फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची पद्धत वापरली. वॉटर बाथवर पाणी आटवून कोरडं करायचं, उरलेल्या पुटावर आम्ल घालायचं, मग अमोनियाने येणारा पिवळा रंग कलरीमीटरवर ४१० नॅनोमीटरला मोजायचा. हे आम्ल दाट सल्फ्युरिक आम्लात बनवलेलं असतं. तिथे मी पहिल्या मिनिटापासून शेजारी उभी असते. इजा होईल अशा ठिकाणी ‘मुलं आपोआप शिकतील’ म्हणत लांब थांबणं मला मान्य नाही.

आकडे आले. उसाच्या कडेच्या एका विहिरीचं नायट्रेट अगदी कमी निघालं, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या हातपंपाचं बरंच जास्त. गटातल्या दोघींना हा निकाल चांगला वाटला. विहीर सुरक्षित, काम झालं. डाळीचा प्रश्न विचारणारी मात्र अस्वस्थ होती. दोन दिवस ती तेच बोलत राहिली. “विहीर उथळ हाय, रान उसाचं हाय. मग हिच्यात कमी कसं?”

उत्तर मला अंदाजाने माहीत होतं. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर या पद्धतीत नायट्रेट प्रत्यक्षाहून कमी दिसतं. म्हणून आधी सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड काढून टाकावं लागतं. मुली वापरत होत्या त्या प्रात्यक्षिकाच्या छोट्या पुस्तिकेत ही पायरी नव्हती, कारण तिथे प्रयोग शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या क्षारावर करायचा असतो. मोठ्या संदर्भग्रंथात ती होती आणि तो ग्रंथ कपाटात होता. मी एका वाक्यात सांगून टाकू शकले असते.

मार्गदर्शकाचं सगळ्यात अवघड काम इथेच आहे, असं मला वाटतं. सगळं सांगितलं तर प्रकल्प आपला होतो आणि मुलं आपले हात होऊन राहतात. काहीच सांगितलं नाही तर ती अंधारात धडपडतात, आणि पुढे नाद सोडून देतात. माझा स्वतःपुरता हिशेब असा आहे: चुकीच्या वाटेने आठवडा जाणार असेल तर जाऊ द्यावा, सत्र जाणार असेल तर बोलावं. मी तिला एवढंच विचारलं, “तुझी पद्धत खरं सांगते की नाही, हे त्या पाण्यालाच कसं विचारशील?” ती ग्रंथालयात गेली. तिसऱ्या दिवशी तिने त्याच विहिरीच्या पाण्यात स्वतः मोजून नायट्रेट घातलं, लिटरला २० मिलिग्रॅम होईल इतकं, आणि पुन्हा तपासलं. आकडा वीसने वाढायला हवा होता. जेमतेम आठने वाढला. घातलेलं सगळं परत मिळत नाही, म्हणजे मधे कुणीतरी खातंय, हे तिचे शब्द. मग क्लोराइड मोजलं, ते भरपूर निघालं. मग तिने सिल्व्हर सल्फेट मागितलं.

चांदीचे क्षार महाग. आमच्या प्रयोगशाळेतले मामा ती बाटली कुलपात ठेवतात आणि ती काढताना दोनदा विचारतात. या वेळी त्यांनी विचारलं नाही. बाटलीबरोबर स्वतःही आले आणि पांढरा साका खाली बसेपर्यंत उभे राहिले. गाळलेलं पाणी आटवून पुन्हा रंग काढला तो गडद पिवळा आला. विहिरीचं नायट्रेट ४५ च्या कितीतरी पुढे होतं. आम्ही तेच पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पाठवलं. त्यांचा आकडा आमच्या जवळपास होता.

वेळेबद्दल बोललं पाहिजे, कारण पदवीच्या संशोधनाचा गळा तिथे आवळला जातो. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पाणी कधी तळाला जातं आणि कधी भरतं त्यावरून ही वेळ ठरली आहे. आमचं सत्र परीक्षेवरून ठरतं. मे महिन्यात, पाणी सगळ्यात दाट असतं तेव्हा, कॉलेज बंद असतं आणि मुलं कामावर असतात. द्राक्षाच्या बागेत, किराणा दुकानात, कुणी पुण्याला हॉटेलात. प्रकल्पाची खरी किंमत त्यांच्या बुडालेल्या मजुरीने मोजावी लागते, आणि ती कुठल्याही अहवालात दिसत नाही.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. त्यात मुलांना कामाबद्दल श्रेयांक किंवा पैसे मिळतात. पैशाची ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. आणि त्यासाठी आपल्याला परदेशाकडे बघायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ महाराष्ट्राच्या अंगात मुरलेली आहे, आणि आज अनेक विद्यापीठांत ती चालते. बहुतेक ठिकाणी मुलं त्यात बाग राखतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. आमच्या प्राचार्यांनी त्या तिघींपैकी एकीचे या योजनेतले तास प्रयोगशाळेकडे वळवले. नमुने आणणं, बाटल्या धुणं, नोंदी ठेवणं हेच तिचं काम ठरलं. घरून परवानगी मिळाली ती त्या पैशांमुळे. मे महिन्यात थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, बाटल्या त्यात रचून ती एसटीने येत असे. बर्फ आइस्क्रीमच्या दुकानातून मिळायचा, कंडक्टर खोकं पुढच्या सीटखाली ठेवून द्यायचे.

याच वर्षी मराठी विभागातल्या माझ्या सहकारी एका मुलाला घेऊन वेगळंच काम करत होत्या. तो कला शाखेचा, दुसऱ्या वर्षाला, आणि दुकानांच्या पाट्या रंगवून फीचे पैसे उभे करायचा. विहिरींच्या गोष्टी लिहायच्या, चित्रांसह, असा त्याचा प्रकल्प. कोणती विहीर कुणी पाडली, कोणत्या साली पाणी लागलं, कुणाची माणसं त्यात कामाला होती. १९७२ च्या दुष्काळात खोदलेल्या विहिरींच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आहेत. सुकडी खाऊन दिवसभर खडी फोडलेल्या बायका आहेत. सुरुवातीला त्याने जे लिहून आणलं ते भाषणासारखं होतं, ‘जल हेच जीवन’ अशा वळणाचं. त्याच्या मॅडमनी ते सगळं परत केलं आणि सांगितलं, आजी बोलली तसं लिही, तुझं मत नंतर. तोही एका परीने रीडिंग बसवत होता. मजकूर आधी ठरलेला आणि माणसं त्यात भरायची, हा प्रकार कला शाखेतही तितकाच आहे.

दुसऱ्या खेपेला तो आजीचं बोलणं आहे तसं घेऊन आला. त्यात एक ओळ अशी होती, की रस्ता व्हायच्या आधी त्या उसाकडेच्या विहिरीला लागून आळीचा उकिरडा होता. आमच्या मुलींनी ती वाचली आणि सगळा मांडलेला डाव पुन्हा उघडला. नायट्रेट युरियातून आलं असं त्यांनी जवळजवळ लिहून टाकलं होतं. पण शेणखताच्या जुन्या उकिरड्यातूनही ते तसंच झिरपतं. दोन्हींतला फरक ओळखायचा तर नायट्रोजनची समस्थानिकं मोजावी लागतात आणि तसं यंत्र आमच्या आवाक्यात नाही. अहवालात त्यांनी लिहिलं की स्रोत कोणता हे आम्हाला ठरवता आलेलं नाही, दोन शक्यता आहेत आणि त्या अशा. परीक्षेला आलेल्या एक्सटर्नल सरांनी त्या पानावर बराच वेळ प्रश्न विचारले. तिघी न अडखळता बोलल्या. निष्कर्षाच्या जागी ‘ठरवता आलं नाही’ लिहायचं धाडस पदवीच्या विद्यार्थ्यांत येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

गावात निकाल सांगायचा ठरला तेव्हा त्या पेंटर मुलाने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावचा नकाशा रंगवला. प्रत्येक विहीर तिच्या नावासह, आणि पाण्याच्या गुणाप्रमाणे हिरवी, पिवळी किंवा लाल. ग्रामसभेत लोक आधी नकाशात आपलं घर शोधू लागले. एक आजोबा चिडले. “पोरी, पाणी गोड हाय की. तीन पिढ्या पितोय आम्ही.” डाळीचा प्रश्न विचारणारी म्हणाली, “आजोबा, नायट्रेटला चव नसती. तुमच्यासाठी नाही, तान्ह्या लेकरासाठी सांगतोय.” मग मागून एका बाईने विचारलं, “उकळून घेतलं तर चालंल न्हवं?” इथे गडबड होऊ शकली असती, कारण पाणी उकळून प्या हेच आपण आयुष्यभर सांगत आलो आहोत. तिने शांतपणे सांगितलं, “न्हाई मावशी. उकळल्यानं जंतू मरत्यात, पण ह्यो क्षार जात न्हाई. पाणी आटतं तसा तो वाढतोच. बाळाला दुसऱ्या विहिरीचं पाणी द्या.” प्रयोगशाळेत ती माझ्याशी बोलायची त्यापेक्षा ही भाषा वेगळी होती आणि रसायनशास्त्र तिळमात्र चुकलेलं नव्हतं. माझ्यासाठी तिची तोंडी परीक्षा तिथे झाली.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच आला आहे. मला त्याचा आनंद आहे, आणि धास्तीही आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांचे प्रकल्प एका शिक्षकाच्या वाट्याला आले की झेरॉक्सच्या दुकानात आयते अहवाल मिळू लागतात, आणि रीडिंग बसवण्याची जागा अख्खा प्रकल्प बसवणं घेतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे, १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. पण तिथे जायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ही अट मला पटत नाही. डाळ का शिजत नाही असं विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला तेवढे गुण नव्हते. ७५ च्या वर गुण असलेल्या कित्येकांना मी प्रश्न विचारायला सांगितलं की ते विषयांची यादी मागतात. गुण हे दिलेल्या उत्तरांचे असतात, आणि संशोधनाची निवड त्यावरून करणं म्हणजे नेमक्या चुकीच्या दारातून आत सोडणं आहे.

निवडीच्या दुसऱ्या रीती आपल्याकडे आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या मुलांसाठी विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. तिथे मुलं शिबिरांत काम करतात आणि पुढे शास्त्रज्ञांबरोबर प्रकल्प करतात. राज्यातल्या विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संमेलन २००६ पासून भरतं आणि त्यात पदवीच्या मुलांना वेगळा गट असतो. आमच्या मुली तिथे विद्यापीठ पातळीपर्यंत गेल्या. बक्षीस मिळालं नाही. दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी मात्र पोस्टरपुढे उभं राहून क्लोराइडची ती गोष्ट उतरवून घेतली, कारण त्यांच्याही गावातली आकडेवारी अशीच विचित्र आली होती. बक्षिसांच्या यादीपेक्षा अशा संमेलनांचा हा उपयोग मला मोलाचा वाटतो.

तिघींपैकी एक आता एमएस्सी करते आहे आणि एकीचं लग्न झालं. डाळीचा प्रश्न विचारणारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. डाळीचं उत्तर तिने प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात काढलं होतं, विहिरीचा जडपणा बोअरच्या दुपटीच्या वर होता. नोंदवही तिने विभागात ठेवली. पानांवर तारखा, हवामान, कुणी रीडिंग घेतलं त्याचं नाव, आणि खोडलेले आकडेही वाचता येतील असे, एका रेघेने खोडलेले. सरपंचांनी आता दर मे महिन्याचे आकडे मागितले आहेत, म्हणून पुढच्या बॅचने तेच काम घेतलं. यंदाच्या मुलांना तिच्या वहीतली एका हातपंपाची दोन रीडिंगं संशयास्पद वाटतात. त्यांनी तिला फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. गळिताचा हंगाम संपला की एका रविवारी ती येणार आहे, आणि हातपंपाचं पाणी सगळे मिळून पुन्हा तपासणार आहेत. मामांना मी चाव्या ठेवायला सांगितलं आहे.